घरातील परीक्षा, कॉपी आणि सुनावणीचा हक्क

(शिरूर व दौंड येथे पालक आणि विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण. दौंडच्या सभेत श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मजकुरातच गोवली आहेत.)



सभेच्या चालकांनी मला जो विषय नेमून दिला तो असा की, ऑनलाइन शिक्षणात विद्यार्थ्यांकडून होणारी कॉपी कशी थांबवावी. मी शिक्षक नाही, वकील आहे. तेव्हा हा विषय मास्तरांच्या सभेत मांडावा, पालकांच्या सभेत त्याचे काय काम, असे मला प्रथम वाटले. परंतु विचाराअंती माझे मत बदलले. पूर्वी परीक्षा शाळेच्या खोलीत होत असे. वर्गात पर्यवेक्षक असे, दाराशी शिपाई असे, फार तर खिडकीबाहेर चिठ्ठ्या फेकणारे टोळके असे. आता कित्येक परीक्षा तुमच्या घरात होतात. पर्यवेक्षकाची खुर्ची तुमच्या घरात येऊन पडली आहे आणि तीवर कोणी बसावे हे कोणीच ठरविलेले नाही. म्हणून हा विषय तुमचाच आहे.

बोलण्यापूर्वी मला एक कबुली द्यावयाची आहे. दुसऱ्यांच्या कबुल्या वाचण्यात माझे दिवस जातात. आज माझी ऐका.

२०२० सालच्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. माझा पुतण्या तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याच्या गावी मोबाइलला रेंज मिळत नसे, म्हणून तो आणि त्याचे तीन मित्र माझ्या शिरूरच्या कार्यालयात परीक्षा देण्यास आले. प्रश्न पर्यायी उत्तरांचे होते. मी आतल्या खोलीत एका दाव्याचे कागद पाहत होतो. पाच मिनिटे झाली नसतील तोच बाहेरून आवाज येऊ लागले, "सतराव्याचे ब का क?" चौघे मिळून एक परीक्षा देत होते. मी उठलो, मधले दार लोटून घेतले आणि पुन्हा कागदांत डोके घातले. मनाशी म्हटले, साऱ्या मुलुखात हेच चालले असेल, आपल्याच पोरांनी मागे का राहावे? कायद्याची सनद भिंतीवर टांगलेली होती आणि तिच्याखाली मी दार लोटून बसलो होतो.

चौघेही उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. घरी पेढे वाटले गेले. पुढे पुतण्याने नोकरभरतीच्या लेखी परीक्षा देण्यास आरंभ केला. त्या परीक्षा केंद्रावर, संगणकापुढे, एकट्याने द्यावयाच्या होत्या. दोन वर्षांत एकीतही त्याचा निभाव लागला नाही. एके दिवशी तो माझ्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, माझ्या मार्कलिस्टवर टक्के आहेत, पण टक्केवारीचे गणित मला येत नाही." त्याने माझ्यावर दोषारोप केला नाही. केला असता तर मला उत्तर देता आले असते.

आता प्रस्तुत विषयाकडे वळतो.

२०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे शाळा-महाविद्यालये बंद झाली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षा न घेता अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना राज्यांनी पदवी देऊ नये, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजी झाला आणि त्यानुसार सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठानेही ऑक्टोबरमध्ये परीक्षा घेतल्या. शालेय परीक्षांचे वेगळे झाले. दहावीचा निकाल २०२० साली ९५.३० टक्के होता. २०२१ साली लेखी परीक्षाच रद्द झाली, शाळांनी दिलेल्या अंतर्गत गुणांवर निकाल लावण्यात आला, आणि तो ९९.९५ टक्के लागला. अकरावीच्या प्रवेशासाठी शासनाने योजिलेली सामायिक प्रवेश परीक्षा मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी रद्द केली. २०२३ साली नेहमीप्रमाणे परीक्षा झाली तेव्हा निकाल ९३.८३ टक्क्यांवर आला.

या आकड्यांवरून २०२१ च्या मुलांनी काही लबाडी केली असे कोणी समजू नये. त्यांना परीक्षाच देऊ दिली गेली नाही, तर लबाडी कोठून करणार? पण लोकांनी काय केले? त्या साऱ्या पिढीला 'कोरोनाची बॅच' असे नाव ठेवून दिले. ज्या मुलीने घरी बसून जीव तोडून अभ्यास केला तीही त्या नावाखाली आली. गुणपत्रिकेवर संशयाचा डाग पडला की तो प्रामाणिक आणि अप्रामाणिक असा भेद करीत नाही.

हा डाग कोणास अधिक बाधतो, याचा विचार आपण केला पाहिजे. ज्याच्यामागे जमीन आहे, धंदा आहे, चार ओळखीचे साहेब आहेत, त्याच्या गुणपत्रिकेवर कोणी संशय घेतला तरी त्याचे फारसे अडत नाही. त्याच्यापाशी दुसरे दाखले असतात. आपल्या मुलापाशी गुणपत्रिकेखेरीज दुसरा दाखला नाही. शिवाय राखीव जागेवरून आलेला म्हणजे कच्चा, हा कुजकट शेरा त्याच्या पाठीवर आधीच चिकटविलेला असतो. अशा मुलाने उत्तरे दुसऱ्याकडून घ्यावीत म्हणजे शेरा मारणाऱ्याच्या हाती आपणच पुरावा द्यावा, असे होते. म्हणून कॉपीने सर्वांत मोठे नुकसान कोणाचे होते असे मला विचाराल तर, सर्वांत शेवटी शाळेत पोहोचलेल्याचे, असे मी सांगेन.

परंतु मुलांना दोष देऊन मोकळे होण्यापूर्वी, ती कोणत्या परिस्थितीत शिकली आणि शिकत आहेत, तेही पाहू.

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके पुणे जिल्ह्यात आहेत, आणि पुणे म्हटले की लोकांना विद्येचे माहेरघर आठवते. घोड आणि भीमेच्या काठच्या वस्त्यांवर ते माहेर अजून पोहोचावयाचे आहे. घरात मोबाइल एक. तो वडिलांच्या खिशात. वडील रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर, कोणी ऊसतोडीवर, कोणी रेल्वेच्या कामावर. वडील घरी परतल्यावर मुलाची शाळा भरते. भाऊबहिणी तीन असतील तर त्यांतही पाळ्या लागतात, आणि मोबाइल प्रथम मुलाच्या हाती जातो, मुलीच्या हाती शेवटी; हे मी येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडावर सांगतो. रेंज मिळावी म्हणून मुले उंचवट्यावर, पाण्याच्या टाकीवर जाऊन बसत. शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय आहे. अंधार पडल्यावर तेथे मुलांना बाहेर सोडवत नाही. 'असर' या नावाने प्रसिद्ध असलेल्या देशव्यापी पाहणीत २०१८ साली ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, तो २०२० च्या सप्टेंबरमध्ये ६१.८ टक्के मुलांच्या घरी आढळला. म्हणजे लोकांनी कर्ज काढून, जनावर विकून फोन घेतले. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले सुमारे एक-तृतीयांशच होती. फोन आला, शाळा आली नाही.

शिक्षकांचीही बाजू आहे. पडद्यावर त्यांना चाळीस नावांच्या चाळीस काळ्या चौकटी दिसत. आतला मुलगा ऐकतो आहे, झोपला आहे की फोन चालू ठेवून शेतावर गेला आहे, हे कळण्यास मार्ग नाही. वर्गात मास्तर मुलाच्या कपाळावरची आठी पाहून ओळखतो की याला समजले नाही. ती आठी गेली. न समजलेले तसेच साचत गेले, आणि परीक्षेच्या दिवशी त्या साचलेल्या अज्ञानाचे दुसरे नाव कॉपी झाले. ज्याला विषय समजला आहे असा मुलगा क्वचितच कॉपी करतो. ज्याला काहीच सांगितले गेले नाही तो दुसरे काय करणार? हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, निदान म्हणून सांगतो.

शिक्षणसंस्थांनी या रोगावर जो उपाय योजिला तो पहाऱ्याचा. मुलाने कॅमेरा चालू ठेवावा, खोली फिरवून दाखवावी, मान वळवू नये, आवाज येऊ देऊ नये. संगणक त्याच्यावर पाळत ठेवील आणि संशय आला की नोंद करील. या पहाऱ्याचे एक प्रकरण माझ्याकडे आले होते, ते सांगतो.

दौंड तालुक्यातील एका वस्तीवरची मुलगी. वडील कारखान्यात रोजंदारीवर, घर पत्र्याचे, खोली एक. २०२१ साली तिने महाविद्यालयाची परीक्षा घरून दिली. महाविद्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. परीक्षेनंतर तिला ई-मेलने नोटीस आली, की तुमच्या खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला आणि तुम्ही वारंवार नजर दुसरीकडे वळविली, सबब तुमची उत्तरपत्रिका रद्द का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. फोनमधील पैसे संपलेले. नोटीस तिने पाचव्या दिवशी पाहिली. तोपर्यंत मुदत सरली होती. बाप मुलीला घेऊन माझ्याकडे आला तो हात जोडून. म्हणाला, "साहेब, माफीचा अर्ज लिहून द्या." मी विचारले, "माफी कशाची? हिने काय केले?" त्याला ते ठाऊक नव्हते. साहेबांचे पत्र आले म्हणजे आपलेच काही चुकले असणार, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्याच्या हातांत होती.

मी मुलीला एकटीला विचारले. दुसरा आवाज आजीचा होता. आजीला ऐकू कमी येते. नळाला पाणी आले की नाही, असे ती मोठ्याने विचारीत होती. नजर वळत होती कारण खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात धाकटा भाऊ चुलीजवळ जात होता. आम्ही माफीचा अर्ज दिला नाही, खुलासा दिला. आणि एक गोष्ट मागितली: मुलीला बोलवा आणि त्याच प्रश्नांवर तोंडी विचारा. समितीतील एका प्राध्यापिकेने आग्रह धरला म्हणून ते मान्य झाले. मुलीने बहुतेक उत्तरे दिली, दोन चुकली, आणि चुकलेली दोन उत्तरपत्रिकेतही तशीच चुकलेली होती. तिचा निकाल लागला.

हे ऐकताना मला परळच्या डबक चाळीतील खोली आठवते. विद्यार्थी भीमराव त्या एका खोलीत साऱ्या कुटुंबासह राहत होते. वडील पहाटे दोन वाजता त्यांना अभ्यासास उठवीत, कारण त्याच वेळी खोलीत निवांतपणा असे. त्या खोलीवर दिवसा कॅमेरा लावला असता तर त्याने किती आवाज आणि किती माणसे नोंदविली असती? ज्यांच्या घरी अभ्यासाची वेगळी खोली आहे त्यांना डोळ्यांपुढे ठेवून या यंत्राने प्रामाणिकपणाची खूण ठरविली आहे. एकांत ही त्याची खूण. ज्याच्याकडे एकांत नाही तो त्याच्या लेखी अर्धा आरोपी.

परदेशांतही हेच प्रश्न उभे राहिले आहेत. अमेरिकेत ओहायो राज्यातील क्लीव्हलँड स्टेट विद्यापीठाने एका विद्यार्थ्याला परीक्षेपूर्वी आपली शयनकक्षाची खोली कॅमेऱ्यात फिरवून दाखविण्यास लावले. ही झडतीच आहे आणि ती अवाजवी आहे, असा निर्णय तेथील संघीय न्यायालयाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये दिला. ॲमस्टरडॅमच्या एका विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थिनीचा चेहरा पाळत ठेवणाऱ्या प्रणालीला नीट ओळखता येत नव्हता. चेहऱ्यावर दिवा पाडून तिला परीक्षा द्यावी लागली. तेथील मानवी हक्क संस्थेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये, येथे भेदभाव झाल्याचे सकृद्दर्शनी दिसते, असे म्हटले. पुढे २०२३ मध्ये विद्यापीठाने दिलेली माहिती पाहून, या प्रकरणी भेदभाव शाबीत होत नाही, असा अंतिम निष्कर्ष काढला. मात्र तिची तक्रार विद्यापीठाने निष्काळजीपणे हाताळली, असा ठपकाही ठेवला. मी दोन्ही बाजू सांगतो, कारण वकिलाने अर्धा निकाल सांगू नये.

आता नवीन संकट आले आहे. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यापासून चॅटजीपीटी आणि त्यासारखी साधने लोकांच्या हाती आली. प्रश्न टाका, निबंध तयार. मग यंत्राने लिहिलेला निबंध ओळखणारी यंत्रेही निघाली. ज्या कंपनीने चॅटजीपीटी बनविले तिनेच काढलेले असे एक साधन अचूकता कमी म्हणून २०२३ च्या जुलैमध्ये मागे घेतले. त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात साधने तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरविले. कारण असे की, परक्या भाषेत लिहिणारा माणूस साधे, ठरावीक शब्द वापरतो, आणि साधे लिहिणे या साधनांना यांत्रिक वाटते. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेला आपला मुलगा महाविद्यालयात इंग्रजी निबंध लिहू लागेल तेव्हा त्याच्यावर हा आरोप येऊ शकतो, हे ध्यानात असू द्या.

मग कायदा काय म्हणतो? काही जणांचा समज आहे की, महाविद्यालय म्हणेल तोच कायदा. तसे नाही.

उत्तर प्रदेशातील तीन विद्यार्थ्यांनी १९५४ साली इंटरमीजिएटची परीक्षा दिली. ते उत्तीर्ण झाले. पुढे त्यांनी गैरमार्ग वापरल्याचे ठरवून मंडळाने निकाल रद्द केला आणि १९५५ च्या परीक्षेस बसण्यासही मनाई केली. त्यांना एका शब्दानेही विचारले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली घनश्याम दास गुप्ता प्रकरणात निर्णय दिला की, विद्यार्थ्याच्या साऱ्या आयुष्यावर परिणाम करणारा असा निर्णय घेताना समितीवर न्यायिक रीतीने वागण्याचे बंधन आहे. त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून शिक्षा करता येत नाही. हा निर्णय साठ वर्षांहून जुना आहे आणि आजही आपल्या मुलांची ढाल आहे. पहारा माणसाचा असो वा यंत्राचा, सुनावणी चुकत नाही.

परंतु याच न्यायालयाचे पुढचे निर्णयही ऐका, नाहीतर माझे भाषण ऐकून कोणी म्हणावयाचा की, वकील आहेत, आता खुशाल कॉपी करा. बागलेश्वर प्रसाद प्रकरणात दोन परीक्षार्थींच्या उत्तरांत चुका अगदी सारख्या आढळल्या. बरोबर उत्तर दोघांचे सारखे असू शकते. एकच विचित्र चूक दोघांच्या हातून जशीच्या तशी होणे हा मोठा योगायोग. त्याला सुनावणी मिळाली होती, आणि शिक्षा कायम राहिली. बिहारमधील एका केंद्रावर सामुदायिक कॉपी झाल्याचे उत्तरपत्रिकांवरून दिसले, तेथे साऱ्या केंद्राची परीक्षा रद्द करताना प्रत्येकाला वेगळे ऐकण्याची आवश्यकता नाही, असे १९७० साली ठरले. आपल्या महाराष्ट्राचेच प्रकरण १९९१ चे आहे. १९९० च्या दहावीच्या परीक्षेत नियामकांच्या गुणतक्त्यांत खाडाखोड करून गुण वाढविल्याचे आढळले. २८३ परीक्षार्थींचे निकाल मंडळाने रद्द केले. उच्च न्यायालयाने मंडळाचे आदेश रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. अशा चौकशीस फौजदारी खटल्याइतका पुरावा लागत नाही, परिस्थितीवरून अनुमान काढता येते. मात्र अनुमान वेगळे आणि निव्वळ तर्क वेगळा, हा भेद समितीने पाळलाच पाहिजे, असे त्या निकालपत्रात स्पष्ट केले आहे. आजीचा आवाज ऐकून कॉपी झाली असे म्हणणे हा तर्क आहे. तोंडी विचारल्यावर मुलीला काहीच सांगता न येणे हे अनुमानास पुरेसे झाले असते.

विद्यापीठांच्या बाबतीत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये परीक्षेतील गैरप्रकारांच्या चौकशीसाठी समितीची तरतूद आहे. परीक्षेतील गैरप्रकार हा या राज्यात १९८२ पासून स्वतंत्र फौजदारी कायद्याचाही विषय आहे. केंद्राचा २०२४ चा कायदा मुख्यत्वे पेपर फोडणाऱ्या टोळ्यांसाठी आणि केंद्रीय भरती व प्रवेश परीक्षांसाठी आहे. परीक्षार्थी मुलगा त्याचा रोख नव्हे.

दौंडच्या सभेत एका गृहस्थांनी विचारले, "फोन आणि इंटरनेट मिळणे हा हक्क नाही का?" केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली, इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे, असे एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२० च्या सप्टेंबरमध्ये खासगी शाळांतील दुर्बल घटकांच्या मुलांना साधने आणि इंटरनेट पुरविण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या फेब्रुवारीत त्यास स्थगिती दिली. तेव्हा या हक्काचे दार किलकिले झाले आहे, उघडलेले नाही. ते उघडण्यासाठी मागणी करावी लागेल. मागणी करणाऱ्याने मात्र त्याच इंटरनेटवरून उत्तरे मागवू नयेत.

आता थांबवावयाचे कसे, हा मूळ प्रश्न. माझे उत्तर असे की, पहारा वाढवून नव्हे, प्रश्न बदलून. या कामी मी काही शिक्षकांशी बोललो. एक शिक्षक गणिताच्या प्रश्नात प्रत्येक मुलाला त्याच्या हजेरी क्रमांकानुसार वेगळा आकडा देतात. रीत एक, उत्तरे चाळीस. अशा प्रश्नाचे उत्तर मागून उपयोग होत नाही, रीत शिकून घ्यावी लागते, आणि रीत शिकून घेणे म्हणजेच अभ्यास. दुसऱ्या बाई विजेचे बिल, रेशनचे कार्ड, विहिरीची पातळी, आजोबांची हकीकत असे घरातले विषय देतात. जे उत्तर पुण्यातल्या गाइडमध्ये नाही आणि यंत्राच्या पोटातही नाही, ते मुलाला स्वतःच शोधावे लागते. तिसरे एक शिक्षक साध्या फोनवर प्रत्येक मुलाला तीन मिनिटे विचारतात, "हे उत्तर तू कसे काढलेस?" साध्या फोनला इंटरनेट लागत नाही. चाळीस मुलांस दोन तास लागतात. वर्गातही तास दोन जातातच. वर्षाच्या शेवटी एकच मोठी परीक्षा घेण्याऐवजी दर आठवड्याला पाच गुणांची छोटी चाचणी घेतली तर लबाडी करण्याचा मोह आपोआप उतरतो, कारण पाच गुणांसाठी कोण इभ्रत घालवील? आणि पुस्तक उघडे ठेवून लिहा, असे सांगितले तर पुस्तक चोरून पाहण्याचा प्रश्नच राहत नाही. मात्र तशा परीक्षेचे प्रश्न काढण्यास शिक्षकाला स्वतः पुस्तक वाचावे लागते. हा उपाय काहींना अवघड वाटतो तो याचसाठी.

शिक्षकांविषयी आणखी एक बोलणे भाग आहे. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार पुण्याच्या सायबर पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरमध्ये उघडकीस आणला. पुढे २०१९-२० च्या त्या परीक्षेतील साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याचा तो आरोप होता. कुंपणच शेत खाते ते असे. मुलांना प्रामाणिकपणाचे धडे देणाऱ्या शिक्षकाची पात्रता काय, हे विचारण्याचा अधिकार पालकांस आहे आणि तो त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसून वापरावा. शिक्षण हक्क कायद्याने त्या समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांच्याच ठेविल्या आहेत. आपली माणसे त्या सभांस जात नाहीत. रोज बुडतो म्हणून जात नाहीत, हे मला ठाऊक आहे. आळीपाळीने जा.

आणि पालकांनो, तुमच्या हातची एक गोष्ट. मुलगा घरी परीक्षा देत असेल तेव्हा त्याच्याजवळ बसून उत्तरे सांगू नका, आणि माझ्यासारखे दारही लोटून घेऊ नका. त्याला एवढेच सांगा की, कमी गुण पडले तर घरात कोणी बोलणार नाही. कित्येक मुले बापाच्या भयाने कॉपी करतात. बापाला गुण हवे असतात, ज्ञान कोणाला हवे असते? शिरूरमध्ये काही तरुणांनी परीक्षेच्या दिवसांत समाजमंदिराची खोली मुलांना मोकळी ठेवण्याचे ठरविले आहे. तेथे एकाच वेळी दोनच मुले बसतील, वीज आणि रेंज राहील, आणि दाराशी कोणी वडीलधारी बाई बसेल. दौंडच्या मंडळींनी असे करण्यास हरकत नाही. खोली लहान असली तरी चालेल. आवाज नको एवढेच.

नोटीस आली तर काय करावे, हे विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे. नोटीस ज्या दिवशी प्रत्यक्ष पाहिली ती तारीख कागदावर टिपून ठेवा. परीक्षेच्या दिवसांत आणि त्यानंतर महिनाभर ई-मेल रोज पाहा. फोनमध्ये पैसे नसतील तर शेजाऱ्याच्या फोनवर पाहा. कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण आणि नोंद यांची प्रत लेखी मागा. कोऱ्या कागदावर किंवा छापील कबुलीवर सही करू नका. कॉपी केली नसेल तर माफीचा अर्ज देऊ नका. तोंडी परीक्षा घ्या, असे लिहा. केली असेल तर खोटा खुलासा मजकडे लिहून मागू नका, मी लिहून देणार नाही; खरे सांगा, शिक्षा कमी व्हावी म्हणून मी तुमच्याबरोबर येईन. माझे कार्यालय रविवारी सकाळी उघडे असते. पुतण्या तेथेच बसलेला असतो. तो हल्ली सातवीच्या पुस्तकापासून गणित पुन्हा करीत आहे, आणि अर्ज लिहून देण्याच्या कामी तुम्हांस त्याची मदत होईल.